पाटील, तुमच्या आबांना सांगा

१५ नोव्हें. १९८८, चोपडा

दिवाळी संपली एकदाची. मीना सकाळच्या यष्टीनं धुळ्याला गेली, तिच्या डी.एड.चं वसतिगृह उघडलं. घरात आता मी, सासरे आणि सासऱ्यांची घोरपड. पैकी बोलायची सोय घोरपडीशीच.

जाताना मीना म्हणाली, आई, तू नि आबा सरळ का नाही बोलत? म्हटलं, सासऱ्याच्या तोंडावर बोलायची रीत नाही या घरात. तुझी आजी होती तोवर ती मध्ये असायची, मी तिला सांगायचे, ती त्यांना. ती गेली नि त्याच पावसाळ्यात आबांनी केळीच्या वावरातून वीतभर पिल्लू धोतराच्या सोग्यात बांधून आणलं. नाव ठेवलं पाटील. ओट्यासमोरच्या पेरूला दोरानं बांधलं. ते ओट्यावर, मी स्वैपाकघराच्या दारात, मध्ये पाटील. आजीच्या जागी घोरपड बसवली तुझ्या आजोबांनी. मीना हसत सुटली. हसण्यासारखं काय होतं त्यात, कळलं नाही.

संध्याकाळी जेवताना आबा, पाटलाकडे बघून : "पाटील, भाजीमा मीठ नही शे."

मी, पाटलाकडे बघून : पाटील, तुमच्या आबांना सांगा, मीठ डॉक्टरांनी कमी केलंय, मी नाही.

पाटलानं जीभ बाहेर काढून आत घेतली. त्याला काय, दोन्हीकडून अंडी.

१८ नोव्हें.

पाटील खात नाही. कालचं अंडं तसंच, मुंग्या लागल्या. पुढचे पाय थरथरतात. चालायला लागला की कोपर बाहेर पडतात आणि पोट घासतं. आबांना दिसत नाही की बघायचं नाही, देव जाणे. पेरूखाली बसून त्याला शेताच्या गोष्टी सांगतात. माझ्याशी एक शब्द नाही, त्याच्याशी पुराण.

मला हे जनावर आवडत नाही. वास येतो, नखं फरशीवर वाजतात, आणि डोळा मिटताना खालची पापणी वर जाते, ते बघवत नाही. एवढ्या वर्षांत हात लावलेला नाही. खायला द्यायचं ते सांडशीनं.

पण मेलं तर? हिनं मारलं म्हणतील. आणि ते म्हणायलाही मध्ये कोणी उरणार नाही. मग या घरात भांडणसुद्धा व्हायचं नाही.

२१ नोव्हें.

पाटलाला गोणपाटानं धरून टोपलीत घातलं, वर दुसरी टोपली बांधली नि सरकारी गुरांच्या दवाखान्यात नेलं. टांगेवाल्याला सांगितलं कोंबड्या आहेत. डॉक्टरांनी टोपली उघडून लगेच मिटली. म्हणाले, बाई, मला शिंगं असलेलं काहीतरी आणत जा. शिवाय हे पाळायला बंदी आहे, मी काही पाहिलेलं नाही. मी म्हटलं, नका पाहू, पाय का थरथरतात तेवढं सांगा. मग न पाहता म्हणाले, खायला काय देता?

आबा देतात ते सांगितलं. बकऱ्याची कलेजी, बारीक चिरून, हाड काढून. लाडकं लेकरू ना. डॉक्टर म्हणाले, हाडंच पोटात जात नाहीत तर हाडं होणार कशी. अख्खा उंदीर द्या, अंड्याचं टरफल कुटून द्या, आणि ऊन. ऊन भरपूर. म्हशींच्या कॅल्शियमची बाटली दिली, थेंब थेंब पाजा म्हणाले.

म्हणजे प्रेमानं लुळा केला त्याला. या घरची पद्धतच आहे ती. पोराला असंच वाढवलं, बिनहाडाचं.

२४ नोव्हें.

भांडण.

मी टरफल कुटत होते. आबा : "पाटील, काही लोके तुले चुना खावाडी ऱ्हायनात."

मी : पाटील, तुमच्या आबांना सांगा, डॉक्टरांनी सांगितलंय. कलेजी बंद. उंदीर चालू.

आबा : "पाटील, बठ्ठा डॉक्टर शे आते घरमा."

मी : पाटील, आहेतच सगळे डॉक्टर, नसते तर तुम्ही आज पोटावर सरपटत असता. कोणी केलं हे, विचारा.

आबा उठून गेले. ताट अर्धं. गेले तर गेले. वांग्याचं भरीत होतं, मीच खाल्लं.

२९ नोव्हें.

आता ऊन. पेरूखाली सकाळी चांगलं ऊन यायचं, यंदा येत नाही. आबांचा पुतण्या गोकुळ शेजारची वखार चालवतो. केळी पिकवायची वखार, आबांनीच बांधलेली. आबा थकले तशी त्याच्याकडे गेली. त्यानं भिंतीला लागून रिकाम्या टोपल्यांची नि केळीच्या पाल्याची एवढी थप्पी लावलीय की दहा वाजेपर्यंत पेरूखाली सावली. थंडीचे दिवस. या जनावराला उन्हाशिवाय अन्न पचत नाही.

गोकुळभाऊजींना म्हटलं, थप्पी हलवा. ते म्हणाले, वहिनी, जागा कोणाची? म्हटलं, ऊन कोणाचं ते सांगा. मग त्यांची नजर पाटलावर. दोन्ही गुडघे धरलेत त्यांचे, लंगडतात. वैदू म्हणालाय घोरपडीचं तेल चोळा. दरवेळी बघतात पाटलाकडे आणि गुडघा चोळतात. आजही चोळला. वर म्हणाले, जंगलखात्याला कळलं तर आबांना म्हातारपणी कोर्ट दिसेल. म्हणजे एक तर मला द्या, नाहीतर कोणालाच नको.

नालायक माणूस. त्याच्या गुडघ्यांना काही होवो न होवो.

मी दोर लांब केला. पाटील आता न्हाणीच्या पत्र्यापर्यंत जातो, तिथं ऊन येतं. आबांनी पाहिलं. काही बोलले नाहीत, म्हणजे पटलं. पटलेलं बोलायची पद्धत नाही त्यांच्यात.

३ डिसें.

मीनाचं पत्र. वसतिगृहाला रेक्टरबाई हव्यात. राहायला खोली, जेवण, पगार. कॉलेजच्या मोठ्या बाईंनी स्वतः तुझं नाव विचारलं म्हणते. संक्रांतीपर्यंत कळवायचं.

आबांच्या कानावर घातलं. म्हणजे पाटलाच्या. आबा म्हणाले, "पाटील, पोऱ्या सुरतले कामवर शे. तो उना की घर बंद दिसाले नको."

कामवर शे. किती वर्षं ऐकतेय. सुरतवाल्यांचं, म्हणजे मीनाच्या बापाचं, तिथं दुसरं घर आहे, बाई आहे, मुलगा आहे. मला कळलं ते गोकुळभाऊजींच्या सुमनकडून, विहिरीवर, धुणं धुताना. आबांना त्याच्या आधीपासून माहीत होतं. बारशाला जाऊन आले होते. मला सांगून गेले होते की सुरतला केळ्यांचा व्यापारी गाठायचाय. मी दशम्या बांधून दिल्या होत्या बरोबर.

त्या दशम्यांचा राग अजून गेलेला नाही माझा. जायचाही नाही.

धुळ्याला जाणार. पण पाटील असा लुळा टाकून नाही. म्हणतील, मारून पळाली. आधी त्याला पायावर उभा करीन, मग जाईन, ताठ मानेनं.

९ डिसें.

बरं चाललंय. सापळ्यातला उंदीर दिला, सांडशीतून ओढूनच घेतला. शेपटी शेवटपर्यंत तोंडाबाहेर. मी बघत उभी राहिले, मला ओकारी आली नाही. सवय कशाचीही होते.

कात टाकतोय. बोटांवरची निघत नाही, तिथं आवळून बोट काळं पडतं. एक नख असंच गेलंय मागच्या हिवाळ्यात. घमेल्यात कोमट पाणी केलं, त्यात तास-दोन तास बसवला. बसला शहाण्यासारखा. आबा : "पाटील, मज्या शे तुन्ही. माले कोनी असं गरम पानी देत नही." रोज बंब मी पेटवते. रोज.

१५ डिसें.

थंडी फार. सातपुड्याकडून वारा. केळीची पानं करपली म्हणतात नदीकडची. पाटील सकाळी लाकूड. गोणपाटात धरून उचलला तरी पाय तसेच. दुपारी पत्र्यावर जरा सैल होतो, चारला पुन्हा कडक. खाल्लेलं पोटात तसंच राहिलं तर कुजेल आणि तो जाईल. रात्री बंबाच्या खोलीत ठेवते, वीट तापवून गोणपाटात गुंडाळून बाजूला.

आबा म्हणाले, "पाटील, काही लोके नुसता इटा तपाडतस." म्हणजे विटेचंही वाईट.

डोकं फिरलं माझं. म्हटलं, पाटील, तुमच्या आबांना सांगा, जन्मभर केळ्यांना ऊब दिली वखारीत, कच्ची कडक केळी मऊ करून दाखवली गावाला. तुमच्यासाठी एवढंही सुचत नाही त्यांना.

बोलायचं म्हणून बोलले. चांगलं लागलं त्यांना, चेहऱ्यावर दिसलं.

१८ डिसें.

सुमन आली होती विरजण मागायला. बोलता बोलता म्हणाली, यंदा वखारीत धुरी नाही. गोवऱ्या नि भुसा जाळायचा खटाटोप बंद, आता पावडरीच्या पुड्या ठेवतात घडांच्या मधे, कार्बाइडच्या. पाण्याचा हबका मारला की वायू सुटतो, दार लिंपून टाकायचं, केळी दोन दिवसांत पिवळी. आत गेलं की डोळे झोंबतात, डोकं गरगरतं. आबांना सांगू नका वहिनी, ते थैमान घालतील.

थैमान घालतीलच. धुरीचा काय अभिमान त्या माणसाला. धूर किती नि कसा, हे हुंगून सांगायचे, आता नाकच गेलंय. त्यांच्या वखारीत पावडर, आणि त्यांना पत्ता नाही.

सांगणार आहे. पण असं तसं नाही, वेळ बघून. एकदा जेवताना, भाजीला नाव ठेवलं की, पाटलाकडे बघून. असं हत्यार रोज हाती लागत नाही. सुरतचं मला विहिरीवर कळलं होतं. त्यांनाही कळू दे कसं वाटतं ते.

२१ डिसें.

लिहू नये असं आहे. तरी लिहिते.

दुपारी धान्य निवडत होते. आबा पाटलाला दोन्ही हातांवर घेऊन चाललेले दिसले. वाटलं पत्र्यावर ठेवतायत. पत्रा ओलांडून वखारीकडे गेले. वखारीच्या दाराचं लिंपण हातानं उकरलं, आत ठेवला, बाहेर येऊन दार लावलं, फटीत बोळा कोंबला. नीट, सावकाश. जन्मभराची सवय.

मला सगळं कळलं त्या क्षणी, माझ्याच टोमण्यावरून ऊब द्यायला नेलाय. आणि मी आबा म्हणून हाक मारली नाही.

मारताच आली नाही. तोंड उघडलं, शब्द नाही. सासऱ्याला हाक मारायची असते कशी, तेच माहीत नाही. मी परात आपटली. बांगड्या वाजवल्या. खाकरले. सुना करतात ते सगळं केलं. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही, वाटलं असणार ही नेहमीसारखी आदळआपट. ओट्यावर जाऊन बसले. चेहरा खूश होता. माझं तोंड बंद केल्यासारखा.

मग मी उठले. किती वेळ गेला ते सांगता येत नाही, गेला एवढं खरं. दार उघडलं तर वासानं नाक भरलं, लसणासारखा, घाणेरडा. डोळे चुरचुरले. पाटील घडांच्या मधे, तोंड उघडं, मान वाकडी. सांडशी कुठली नि काय. पदर डोक्यावरून ओढला, त्यात त्याला गुंडाळला नि बाहेर आले. उघड्या डोक्यानं. समोर आबा, वखारीच्या दारात गोकुळभाऊजी.

आबा : "काय व्हयनं? काय कराले उनी तू आठे?"

मी तोंडावर बोलले. पहिल्यांदा. म्हटलं, "आबा, आत धुरी नाही. पावडर आहे. विष आहे ते."

ते गोकुळभाऊजींकडे बघत राहिले. भाऊजी खाली बघत. मग आबा म्हणाले, "माले कोनी सांगं नही."

आणि मी म्हटलं, "मलाही सुरतचं कोणी सांगितलं नव्हतं."

 पाटील पदरात होता. जड आहे चांगला. कातडी मी समजत होते तशी खरखरीत नाही.

२२ डिसें.

जिवंत. उघड्या हवेत ठेवला. पोट हलतं, तेही थांबून थांबून. तोंडातून फेस, कापसानं पुसला. आता हातानंच करते सगळं.

आबा ओट्यावर आले नाहीत. ताट खोलीच्या दारात ठेवलं, रिकामं झालं. मीठ कमी की जास्त, काही नाही.

पावडरीचं हे मुद्दाम ठेवलं नव्हतं मी मनात. म्हणजे ठेवलं होतं, पण ह्यासाठी नाही.

२६ डिसें.

चमच्याच्या दांड्यानं तोंड उघडते, पिवळा बलक पाण्यात कालवून थेंब थेंब. अर्धा बाहेर येतो. दुपारी ऊन, संध्याकाळी बंब, वीट. मान सरळ झालीय. डोळे उघडत नाही.

गोकुळभाऊजी आले. वाटलं, चार शब्द बरे बोलतील. म्हणाले, वहिनी, तसंही जाणारच आहे, जायच्या आधी तेल तरी काढून घेऊ. मेल्यावर गुण राहत नाही त्यात. मी चुलीतलं लाकूड हातात घेऊन उभी होते, वीट तापवायला घेतलेलं. त्यांना काय वाटलं कोण जाणे, लंगडत गेले. लगबगीनं लंगडत.

घर एवढं शांत कधी नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. आबा पाटलाशी बोलत नाहीत, मी पाटलाशी बोलत नाही. एकमेकांशी त्या दिवशी बोललो ते बोललो.

३० डिसें.

सकाळी आवाज झाला म्हणून बाहेर आले. आबा थप्पी हलवत होते. एकटे. एकेक टोपली उचलायची, भिंतीपलीकडे फेकायची, धाप लागली की थांबायचं. गोकुळभाऊजी धावत आले, अरे काका, अरे काका. आबांनी त्यांना ज्या शिव्या घातल्या त्या मी लिहीत नाही. शेवटी म्हणाले, "वखार मी बांधी, भित मी बांधी, ऊन तुन्हा बापनं नही." भाऊजीही ऐकेनात. म्हणाले, आता बघतोच ती घोरपड किती दिवस राहते इथं. सुमननं ओढून नेलं.

पेरूखाली सकाळचं ऊन आलं. पाटलाला तिथं ठेवला. आबा भिंतीला टेकून बसले होते, हातांना कुसळं. पाण्याचा तांब्या जवळ ठेवला. वर बघितलं नाही त्यांनी. मीही थांबले नाही.

म्हातारपणी कंबर मोडायची होती, मोडली. आता मीच शेकणार.

५ जाने. १९८९

एक डोळा उघडला. उजवा. खालची पापणी खाली गेली नि बघितलं माझ्याकडे. जीभ बाहेर आली जराशी. मी तिथंच बसून रडले, मूर्खासारखी. एका घोरपडीसाठी. सुरतचं कळलं तेव्हा रडले नव्हते, धुणं संपवून घरी आले होते.

आबांना सांगायचं होतं. पण कोणामार्फत? पाटील, तुमच्या आबांना सांगा, पाटलांनी डोळा उघडला? दारातल्या ताटाजवळ भांडं जरा जोरात ठेवलं. ते बाहेर आले, पेरूपर्यंत गेले, वाकून बघितलं, बराच वेळ.

११ जाने.

रेक्टरबाईंच्या जागेला होकार कळवला. संक्रांत झाली की जायचं. सुमननं विचारलं, आबांचं कोण बघणार? म्हटलं, तू. वखार ज्याची, म्हातारा त्याचा. तिचं तोंड बघण्यासारखं झालं. मग म्हणाली, आमचे हे रात्रंदिवस त्या गुडघ्यांचंच बोलतात हो, वैदूला पुन्हा बोलावलंय. मी म्हटलं, वैदूला सांग आमच्याकडे लाकडं भरपूर आहेत.

पाटील चार पावलं चालला. कोपर आत. पोट वर.

१३ जाने.

खाल्लं. स्वतः. उंदीर, अख्खा, सांडशीची गरज नाही, माझ्या हातातून.

न राहवून, सवयीनं तोंडातून गेलं : पाटील, तुमच्या आबांना सांगा, पाटलांनी खाल्लं.

आबा ओट्यावर होते. वखारीच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच आले होते बसायला. घसा साफ केला. म्हणाले, "पाटील, धुळाना लोकेस्नं नशीब चांगलं शे."

म्हणजे धुळ्याचं कळलंय त्यांना. कौतुक केलं की टोमणा मारला, ते अजून ठरवता येत नाही.  भाजीत मीठ थोडं जास्त घातलं आज. मुकाट्यानं खाल्ली.

१६ जाने.

पाटील नाही.

सकाळी पेरूखाली दोर पडलेला. तुटलेला नाही, कापलेला नाही. गाठ सोडलेली. ती गाठ फक्त मला नि आबांना माहीत आहे, पोटाभोवतीची, सरकू नये म्हणून दोनदा घातलेली. पण सोडायला काय, कोणीही सोडेल, दोन हात असले म्हणजे झालं.

धुळीत शेपटीची रेघ आहे. पेरूपासून न्हाणीपर्यंत, तिथून कुंपणाकडे. कुंपणापलीकडे केळीचे वाफे, काल पाणी दिलेलं, सगळा चिखल तुडवलेला. पुढं काही दिसत नाही. पण कुंपणाच्या त्याच कोपऱ्यातून गोकुळभाऊजींच्या परसात जाता येतं.

सुमनकडे गेले. दार उघडेना लवकर. चुलीवर मोठं पातेलं होतं, झाकलेलं. म्हणाली, दूध आटवतेय. मी हुंगलं. कांद्याचा वास होता घरभर, दुसरं काही कळेना. गोकुळभाऊजी कुठेत विचारलं तर म्हणाली, अमळनेरला गेलेत पहाटेच. पातेल्याचं झाकण उचलायला हात पुढे केला होता मी. उचललं नाही. का उचललं नाही? धीर झाला नाही, एवढंच. आता रात्रभर तेच पातेलं डोळ्यापुढे.

१७ जाने.

आबा दिवसभर केळीत फिरत होते. मीही. ते एका सरीत, मी दुसऱ्या सरीत, हाक कोणाचीच नाही. हाक मारून येणारं जनावर नाहीच ते.

दुपारी जेवायला बसले. मी भाकरी वाढली. पेरूखाली दोर. दोघांनी एकदमच तिकडे बघितलं, आणि तिथं कोणी नाही.

मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली. सरळ. म्हणाले, "दोर तू सोडा का?"

मी त्यांना तेच विचारणार होते. कालपासून तोंडात धरून ठेवलेलं. त्यांनी सोडला असेल तर पाटील कुठंतरी केळीत आहे, उन्हाला बसलाय. नसेल सोडला तर पातेलं. पण त्यांनी विचारलं म्हणजे त्यांनी सोडला नाही. त्यांच्या हातातला घास तसाच होता. म्हातारा दिसला मला एकदम. कालपर्यंत दिसत नव्हता.

"हो," म्हटलं. "मीच सोडला. मी चालले धुळ्याला, मागे त्याचं कोण करणार होतं?"

बघत राहिले माझ्याकडे. मग म्हणाले, "बरं करं."

आणि जेवले. पूर्ण.

मी सोडलेला नाही. इथं लिहून ठेवते, दुसरीकडे कुठं सांगता येणार नाही आता. पण आवाज? पाटलाच्या आडून एवढी वर्षं ऐकलाय मी तो आवाज, त्यातला कोणता खरा नि कोणता नाही, एवढं मला कळतं. "पोऱ्या कामवर शे" म्हणताना असायचा, तसाच होता "बरं करं" म्हणतानाचा. त्यांनी माझं खोटं मानलं नाही. मग मानल्यासारखं का केलं? माझ्यासाठी? की स्वतःच सोडला आणि मला विचारून बघितलं, की मी

जाऊ दे. डोकं चालत नाही.

१८ जाने.

गोकुळभाऊजी आले अमळनेरहून. अंगणातून गेले. लंगडत होते की नव्हते, नीट बघितलं मी. लंगडत होते. तेलाला दोन दिवसांत गुण येत नसणार. त्यांना विचारायला गेले नाही. खरं सांगणारा माणूस नाही तो.

ट्रंक भरली. उद्या सकाळची धुळ्याची यष्टी. सुमनला आबांच्या गोळ्या कुठल्या कधी ते दाखवून दिलं, मिठाचं सांगितलं. ऐकून घेतलं, लक्षात ठेवणार नाही.

उन्हं उतरताना एक अंडं घेऊन कुंपणापाशी गेले. वाफ्याच्या कडेला, जिथं शेपटीची रेघ संपते, तिथं ठेवलं. त्यानं काय कळणार आहे? सकाळी नसलं तर मुंगूस आहे, मांजर आहे, कावळे आहेत. तरी ठेवलं.

वळले तर आबा ओट्यावरून बघत होते. पेरूकडे नाही, माझ्याकडे. म्हणाले, "दोन ठेव."

घरात जाऊन दुसरं आणलं नि ठेवलं.